आकडा खाली येतोय

८ जानेवारी

दादा,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. आकडा खाली आला! ऑक्टोबरात माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पावणेदोन लाखांवर होत्या ना, त्या काल साडेसहा हजार निघाल्या. धडधाकट माणसाच्या चार ते दहा हजार असतात म्हणे. म्हणजे कागदावर तरी तुझी बहीण धडधाकट झाली.

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस की हा कॅन्सर म्हणजे नक्की काय नि घरी बसून गोळ्या खाऊन कसा बरा होतो. मला कळलं तेवढं सांगते. हा सावकाश चालणारा प्रकार आहे. पांढऱ्या पेशी बिघडतात आणि बिघडलेल्याच भराभर वाढत जातात. गोळी नेमकी त्यांच्यावर चालते. पूर्वीसारखे केस जाणं वगैरे नाही. रात्री जेवण झालं की एक गोळी, मोठा पेलाभर पाणी, झालं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बोट नाचवून सांगितलं, “एकही गोळी चुकवायची नाही. ताप आला, वाटलं तर रात्रीबेरात्री या, पण गोळी चुकवू नका.” त्यांचं ते बोट अजून माझ्या डोळ्यांपुढे असतं. बाई चांगल्या आहेत, पण हसायला पैसे पडतात असा चेहरा करून बसतात.

बाकी त्रास म्हणशील तर सकाळी डोळे सुजतात. शिवणाच्या कारखान्यात मशीनवरच्या बाया रोज विचारतात, रात्री नवऱ्याशी भांडलीस का. पोटऱ्यांत गोळे येतात. आणि आमच्या मशीनला शिलाईचा पाय उचलायला गुडघ्याने ढकलायचा दांडा असतो ना, तो लागून उजव्या गुडघ्याजवळ काळंनिळं झालंय. वीस वर्षं तोच दांडा ढकलतेय, कधी डाग पडला नव्हता. वय झालं, दुसरं काय.

फोन कर म्हणतोस, पण तू रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून “ऐकू येतंय का” ओरडणार आणि इकडे हे कान लावून बसणार. ह्यांच्यापुढे मला खरं बोलवत नाही, लगेच तोंड एवढंसं होतं त्यांचं. त्यापेक्षा कागद बरा. तुझ्या कंपनीचा ट्रक आठवड्याने का होईना, टपाल नेतो.

तुझी,
ठमी

१७ जानेवारी

ठमे,

शाब्बास! तुझं पत्र मी गोदामाच्या पायरीवर उभ्या उभ्या वाचलं आणि आमच्या सगळ्या गँगला चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. बहिणीचे किडे मेले असं सांगितलं असतं तर त्यांनी मलाच दवाखान्यात नेलं असतं.

पण खरं सांगतो, तुझा आजार मला आत्ता कुठे कळला. इतके दिवस मी ते नावसुद्धा तोंडातून काढत नव्हतो. आता कळलं की हे तर माझंच काम! माझ्याकडे धान्याची गोदामं, तुझ्याकडे रक्त. मी चाळणीत मूठभर धान्य घेऊन हलवतो नि सोंडे, पोरकिडे मोजतो. तुझी डॉक्टरीण सुईने थेंबभर रक्त घेते नि मोजते. आकडा जास्त आला की मी ताडपत्री घालतो, कडेने वाळूच्या पिशव्या लावून सील करतो आणि आत गोळ्या ठेवतो. हो, आमच्याही गोळ्याच असतात, त्यांतून गॅस निघतो. मग सील उघडायचं, पुन्हा चाळणी. एकोणतीस वर्षं हेच करतोय. ह्यातलं मला कळत नाही असं काही उरलेलं नाही.

तेव्हा आता दादाचं ऐक. साडेसहा हजारांवर खूश होऊन बसू नकोस. माझ्या वहीत मी कधी “सहा किडे, चालेल” असं लिहून सही केलेली नाही. सहा राहिले की महिन्याभरात सहाशे होतात. पार तळाला जाऊ दे. आकडा जितका खाली तितकी मला झोप चांगली लागेल.

गुडघ्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळ. आणि मेहुण्यांना सांग, इतका चेहरा पाडून बसायचं काही कारण नाही.

दादा

२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की हे आतल्या खोलीतून उठून बघायला आले. तुझ्या त्या किड्यांनी माझी भीती निम्मी केली. खरंच. रात्री गोळी गिळताना आता मी मनात म्हणते, चला, ताडपत्री घाला.

तुझ्या मनासारखं झालंय. आकडा आणखी खाली आला. एकवीसशे! काल कागद हातात पडला तेव्हा मी तिथेच मोजणी करणाऱ्या मुलीचे आभार मानले. ती माझ्याकडे चमत्कारिक बघत राहिली. त्या पेशींमध्येही पोटजाती असतात, त्यातली एक हजाराच्याही खाली गेली. आणि रक्त गोठवणारे कण असतात, तेही कमी झालेत, पण ते तर मला कोणी वाईट म्हटलेच नव्हते, त्यामुळे त्यांचं काय ते मला कळलं नाही.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. बराच वेळ कागद बघत होत्या. मग बरंच काही बोलल्या. दर आठवड्याला रक्त तपासायचं, गर्दीत जायचं नाही, कच्चं काही खायचं नाही, हात धुवायचे, ताप आला तर घरी तापाची गोळी घेऊन झोपायचं नाही, थेट यायचं. मी मान हलवली.

आपलं सहज विचारते. तुमच्या कामात, समज, गॅस चालू आहे, किडे मरतायत, आणि कोणी मध्येच येऊन म्हणालं की आता थोडे दिवस सील उघडा, मग पुन्हा बघू, तर काय होतं? सहजच हं. कामावर बसल्या बसल्या डोक्यात आलं.

कारखान्यात गणवेशांची मोठी ऑर्डर आलीय. सगळ्याजणी जादा वेळ बसतोय. मशीनला मशीन लागून, एकीला शिंक आली की सातजणींना सर्दी. म्हणजे ते गर्दीचं पाळणं जरा अवघडच आहे. पण सर्दीने कोण मरतं?

ठमी

१० फेब्रुवारी

ठमे,

सहज म्हणे! लहानपणापासून तुझं “सहज” मला माहीत आहे. तुला गोळीचा कंटाळा आलाय. डोळे सुजतात, पाय वळतात, म्हणून तू चार दिवस सुट्टी घ्यायला बघतेयस आणि दादाकडून परवानगी हवी आहे. मिळणार नाही.

आता नीट वाच. मधेच सील उघडण्यासारखं वाईट काम आमच्या धंद्यात दुसरं नाही. अर्धवट गॅस खाल्लेले किडे जे उरतात ते साधेसुधे नसतात. तेच पुढे वाढतात आणि त्यांची पिल्लं त्या गॅसला दाद देत नाहीत. मग दुप्पट गोळ्या घाला, काही उपयोग नाही. एका गोदामात माझ्या साहेबाने माल लवकर हलवायचा म्हणून तिसऱ्याच दिवशी ताडपत्री काढायला लावली होती. मी तोंडावर सांगितलं, साहेब, हे तुमच्या अंगाशी येईल. आलंच. पुढच्या हंगामात ते सगळं गोदाम रिकामं करावं लागलं.

म्हणून कोणीही सांगो, तू सील उघडायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही. तुझं मन सांगो, शेजारीण सांगो, आणि पुस्तकं वाचून आलेला कोणी शहाणा सांगो. एकवीसशेवर आणलंस, आता हात आखडू नकोस. तुला पूर्ण बरी झालेली बघायचीय मला. आपण दोघंच उरलोय गं.

दादा

१ मार्च

दादा,

हे पत्र ह्यांना दाखवायचं नाही आणि फोनवर त्यांना काही बोलायचंही नाही. तुला शपथ आहे.

तू चुकीचं ओळखलंस. मला गोळीचा कंटाळा आला नव्हता. डॉक्टरीणबाईंनीच बंद करायला सांगितली होती. त्या दिवशी, एकवीसशे आले त्या दिवशी. म्हणाल्या, आकडे फार खाली गेलेत, गोळी थांबवा, वर आले की पुन्हा सुरू करू, बहुतेक कमी ताकदीची. मी घरी येऊन रडले. पहिल्या दिवशी हीच बाई बोट नाचवून एकही चुकवू नका म्हणाली होती. एवढ्या कष्टाने खाली आणलेलं परत लाखांवर जाईल, ह्या भीतीने मला जेवण जाईना. कुणाचं खरं मानायचं? मग तुला विचारलं. सरळ विचारायला धीर झाला नाही, कारण तूही थांबव म्हणालास तर काय करायचं हे मला ठरवता येत नव्हतं. तुझं उत्तर आलं आणि मी सुटले. त्या रात्रीपासून पुन्हा रोज घेतेय. ह्यांना वाटतं बंद आहे. डब्यातली गोळी मी रुमालात बांधून मशीनच्या खणात ठेवते आणि कामावरच घेते.

आता पुढचं ऐक. दोनदा रक्त तपासलं. आकडा खालीच चाललाय. मला वाटलं होतं बाईंना दाखवीन नि म्हणेन, बघा. पण त्या घाबरल्यासारख्या झाल्या. “गोळी बंद असूनही खाली कसे जातायत?” असं दोनदा विचारलं. मी गप्प बसले. त्यांना वाटतंय की आजारानेच रूप बदललंय, उग्र झालाय. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून बघायचा म्हणतात. परवाची वेळ दिली होती. मी गेले नाही. खरं सांगितलं तर त्या मला दारात उभं करणार नाहीत, आणि खोटं सांगून हाडात सुई कोण घालून घेईल?

हिरड्यांतून रक्त येतं. सकाळी उशीवर डाग असतो, मी ह्यांच्या आधी उठून अभ्रा बदलते. एकदा नाकातून आलं ते लवकर थांबेना. गणवेशाच्या पांढऱ्या कॉलरवर थेंब पडला, मी ती कॉलर उसवून नवी लावली. दंडावर, पोटावर काळेनिळे डाग आहेत, न लागता उठलेले. तोंड आतून सोललंय, पाणी पितानासुद्धा डोळ्यांत पाणी येतं.

कालपासून अंगात कसकस आहे. दुकानातून तापाची गोळी आणली, घाम आला नि उतरला. ऑर्डर संपायला थोडेच दिवस आहेत. ती झाली की जाईन. दादा, किड्यांचं असंच असतं का रे, संपायच्या आधी एवढा त्रास होतो? एवढंच कळव. मला फार भीती वाटतेय.

ठमी

१४ मार्च

ठमे,

ट्रक घाटात मोडून पडला होता. तुझं एक मार्चचं पत्र आज दुपारी माझ्या हातात आलं. आज! इतके दिवस ते एका खिंडीत तेलाच्या पिंपांखाली पडून होतं आणि मी इथे तुझं काही नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून शीळ घालत फिरत होतो.

शपथ मोडली. पत्र अर्धं वाचून तसाच टाकीवर चढलो. तुझा फोन बंद. मेहुण्यांना लावला. ते कामावर होते. म्हणाले, “दोन दिवस झोपूनच आहे, थकवा आहे म्हणते.” मी त्यांच्यावर ओरडलो, बिचाऱ्यांवर. म्हटलं, हातातलं टाका आणि आत्ताच्या आत्ता तिला उचलून दवाखान्यात न्या, ती गोळी घेतेय, रोज घेतेय, मी सांगितलं म्हणून घेतेय. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करत राहिलो, तर नुसता त्यांचा धावण्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी पुन्हा चढलो. ह्या वेळी मेहुण्यांच्या फोनवर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एकच विचारलं, “गोळी चालू होती हे नक्की?” मी म्हटलं, “नक्की. माझ्या सांगण्यावरून.” मला वाटलं त्या मला झोडपतील. त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत. आम्ही भलत्याच दिशेने चाललो होतो.” मग मी विचारलं की बाई, आकडा खाली जाणं चांगलं ना? त्यांनी मला समजावून सांगितलं.

सगळ्याच पांढऱ्या पेशी वाईट नसतात गं. त्यांतल्या चांगल्या असतात त्या अंगात घुसणाऱ्या जंतूंना अडवतात. आधी सगळी जागा बिघडलेल्यांनी बळकावलेली असते. गोळीने त्या जातात, पण चांगल्यांना उगवून यायला वेळ लागतो, म्हणून थांबायचं असतं. थांबणं हाही उपचारच, म्हणाल्या. तुझ्याकडे आता राखण करायला कोणी उरलेलंच नाही. धान्याच्या पोत्यात चांगला किडा नावाचा प्रकार नसतो, म्हणून माझ्या टाळक्यात हे कधी आलंच नाही. मी तुझं गोदाम समजून तुझं सगळं घरच रिकामं करायला लावलं.

मला आत्ता निघायला हवं आणि निघता येत नाही. दोन गोदामांत गॅस चालू आहे, माझ्या सहीवर. दुसरा सहीवाला माणूस आल्याशिवाय आवार सोडलं आणि कोणी आत गेलं तर ते जिवंत बाहेर येणार नाही. तो उद्या रात्रीपर्यंत येतोय. ट्रक लगेच परत जातोय म्हणून हे पत्र त्याच्याबरोबर देतो. बहुतेक त्याच्या पाठोपाठच मी पोहोचेन.

ते सांगतील ते कर. सगळं कर. माझं काही ऐकू नकोस.

दादा

१७ मार्च, दवाखान्याच्या व्हरांड्यातून

ठमे, वाचता येतंय का? येत असेल तर मान हलव.

सिस्टर म्हणाल्या, बाहेरचा कागद आत न्यायचा नाही, म्हणून काचेला लावून धरतोय. तुला तोंडाने बोलायची मनाई केलीय. आतल्या वहीवर लिही आणि अशीच काचेला धर. हात दुखला तर राहू दे.

मेहुणे खाली औषधं आणायला गेलेत. माझ्याशी अजून बोललेले नाहीत. चहा मात्र आणून दिला.

—

दादा, किती वाळलास. ट्रकने आलास का?

—

दुधाच्या गाडीने. तू माझी काळजी करू नकोस. ताप किती?

—

उतरत नाही. दोन बाटल्या लागल्यात. पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटात देतात. रक्त गोठवणारे कण काल दुसऱ्या कोणाचे चढवले. आकडा सांगत नाहीत. तुला सांगितला का?

—

सांगितला. कालच्याएवढाच आहे. म्हणजे जवळजवळ काही नाही. इंजेक्शनाला थोडे दिवस लागतात, म्हणाल्या. तोवर ताप आवरला पाहिजे. तो आवरेल असं त्या म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, तर “उद्या बघू” म्हणाल्या. तुला आता काही लपवून सांगणार नाही.

ठमे, माझ्यामुळे झालं हे.

—

मी लपवलं म्हणून झालं. रडू नकोस, सिस्टर बघतायत. एवढा मोठा माणूस.

एक विचारायचंय. बाई सकाळी म्हणाल्या की आकडा वर आला तर पुढे दोन रस्ते आहेत. हीच गोळी, कमी ताकदीची. नाहीतर दुसरी, नवीन गोळी. दोन्ही चालतात, दोन्हींचा त्रास वेगळा. मला विचार करून ठेवायला सांगितलंय. ह्यांना विचारलं, तर ते म्हणतात तुझा दादा ठरवेल. काय करू? सांग ना.

—

थांब जरा.

—

किती वेळ लिहितोयस? कागद फाडू नकोस, वाचू दे.

—

ठमे, मला माहीत नाही. मला ह्यातलं काहीही कळत नाही. डॉक्टरांना विचार.

—

हे एवढंच तेव्हा लिहिलं असतंस तर चाललं असतं रे, दादा.